संसार तुटताना मध्यस्थी : कायदा, कार्यपद्धती आणि गावाची जबाबदारी

विवाह ही आपल्या समाजात केवळ दोन व्यक्तींची बाब मानली जात नाही. दोन घरे, बहुधा दोन गावे आणि दोन्हीकडील आप्तस्वकीय तिच्यात गुंतलेले असतात. साहजिकच एखाद्या दांपत्यात बेबनाव निर्माण झाला की तो प्रथम घरातील वडीलधाऱ्यांपुढे, मग भावकीपुढे आणि त्यानंतर सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेचे मुख्याध्यापक यांच्यापुढे येतो. न्यायालयाचा क्रम त्यानंतरचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण या बाबतीत विशेष आग्रहाने सांगितली जाते.

परंतु कोर्टाची पायरी चढली नाही म्हणजे तंटा मिटला, असे नाही. पुष्कळदा तो केवळ दाबला जातो. चार मंडळी जमतात, मुलीची समजूत घालून तिला पुन्हा नांदायला पाठवतात, आणि काही महिन्यांनी ती अधिक कटू अनुभव घेऊन माहेरी परतते. दुसऱ्या बाजूला, न्यायालयात गेलेली प्रकरणेही सोपी नसतात. एकाच संसारातून घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा अर्ज, मुलांच्या ताब्याचा दावा आणि फौजदारी फिर्याद असे चार खटले उभे राहतात. तारखांमागून तारखा जातात, आणि ज्या मुलाच्या ताब्यासाठी वाद चालू असतो ते मूल तोवर मोठे होऊन जाते.

या दोन्ही टोकांच्या मधला एक मार्ग कायद्याने उपलब्ध करून दिला आहे. तो म्हणजे मध्यस्थी. त्याविषयी एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो. मध्यस्थी म्हणजे मोडलेला संसार पुन्हा जोडून देणे, असे अनेकांना वाटते. संसार जुळत असेल तर ते स्वागतार्हच होय. पण तो मध्यस्थीचा एकमेव हेतू नव्हे. जेथे पती-पत्नींनी वेगळे होण्याचे ठरवलेच आहे, तेथे ते वेगळे होणे न्याय्य व्हावे आणि त्याच्या अटी त्या दोघांनी स्वतः, कोणाच्याही दडपणाखाली न येता ठरवाव्यात, हेही मध्यस्थीचे तितकेच महत्त्वाचे काम आहे.

मध्यस्थाचे स्थान

न्यायाधीश पुरावा पाहून निकाल देतो. लवादही दोन्ही बाजू ऐकून निवाडाच देतो. गावचे पंच बहुधा कोण चुकले ते सांगतात. समुपदेशक मनाची घालमेल समजून घेऊन वाट दाखवतो. मध्यस्थ यांपैकी काहीही करीत नाही. तो निकाल देत नाही, दोष ठरवत नाही आणि कोणावरही अट लादत नाही. दोघांना एकमेकांचे म्हणणे नीट ऐकता यावे, रागाच्या भरात मागे पडलेले प्रश्न पुढे यावेत आणि त्यांवर दोघांना मान्य होईल असा तोडगा त्यांनीच शोधावा, एवढ्यापुरते त्याचे साहाय्य असते. तो तटस्थ असावा लागतो. मुलीचा मामा किंवा मुलाचा चुलता कितीही सज्जन असला तरी या अर्थाने मध्यस्थ होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीने २००५ पासून या कामासाठी ४० तासांच्या प्रशिक्षणाची पद्धत घालून दिली, तीही या कामाला केवळ वडीलकी पुरेशी नाही हे ओळखूनच.

लोकअदालतीशीही मध्यस्थीची गल्लत होते. लोकअदालतीत तयार झालेल्या तडजोडीला निवाड्याचे स्वरूप दिले जाते आणि तेथे एका दिवसात अनेक प्रकरणे हाताळली जातात. मध्यस्थीत एका दांपत्यासाठी अनेक बैठका घेण्याची मुभा असते. वैवाहिक तंट्यास ही सवड आवश्यकच असते.

कायद्याचा आधार

वैवाहिक वादात प्रथम समेटाचा यत्न व्हावा, हा विचार आपल्या कायद्यात नवा नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये न्यायालयाने काही अपवाद वगळता आधी समेटाचा प्रयत्न करावा अशी तरतूद मुळापासून आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्याच अधिनियमात कलम १३-ब आले आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी स्वतंत्र आदेश घालण्यात आला. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ ने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम ९ नुसार, प्रकरणाचे स्वरूप व परिस्थिती पाहून जेथे शक्य असेल तेथे पक्षकारांना तडजोडीसाठी साहाय्य करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. या न्यायालयांत विवाह समुपदेशकांची व्यवस्था आहे आणि वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्क कोणाला आपोआप मिळत नाही. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये कुटुंब न्यायालये सुरू झाली. पुढे इतर शहरांत त्यांचा विस्तार झाला. जेथे कुटुंब न्यायालय नाही, तेथे ही प्रकरणे दिवाणी न्यायालयांपुढे चालतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून अमलात आले आणि न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्यास स्पष्ट आधार मिळाला. कोणती प्रकरणे मध्यस्थीस योग्य, याची वर्गवारी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲफकॉन्स प्रकरणात केली. तीत वैवाहिक वाद, पोटगी आणि मुलांचा ताबा यांचा समावेश आहे. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात त्याच न्यायालयाने वैवाहिक तंटे मध्यस्थीकडे पाठवण्याचे निर्देश दिले आणि खटला दाखल होण्यापूर्वीच सल्ला व मध्यस्थी मिळावी म्हणून मध्यस्थी केंद्रांनी स्वतंत्र व्यवस्था करावी असे सांगितले.

हा विचार एका धर्माच्या कायद्यापुरता मर्यादित नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे. शमीम आरा प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाकपूर्वी पत्नीच्या घरचा एक व पतीच्या घरचा एक अशा दोन मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे, असे प्रतिपादन केले.

अलीकडचा टप्पा म्हणजे मध्यस्थी अधिनियम, २०२३. त्यातील काही कलमे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमलात आली. मध्यस्थी १२० दिवसांत पूर्ण व्हावी व उभयतांच्या संमतीने आणखी ६० दिवस मिळावेत, चर्चा गोपनीय राहावी आणि रीतसर झालेल्या तडजोडीची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे व्हावी, अशी या अधिनियमाची योजना आहे. अधिनियम टप्प्याटप्प्याने लागू करण्याची पद्धत स्वीकारलेली असल्याने, एखाद्या कलमाचा आधार घेण्यापूर्वी ते लागू झाले आहे किंवा कसे याची खातरजमा तालुका विधी सेवा समितीकडे करून घेणे इष्ट होय.

मध्यस्थी कशी चालते

न्यायालयाने प्रकरण पाठवल्यावर मध्यस्थ प्रथम दोघांना एकत्र बोलावतो. आपण न्यायाधीश नाही, येथे बोललेले बाहेर जाणार नाही आणि तडजोड करण्याची सक्ती कोणावर नाही, हे तो सुरुवातीलाच सांगतो. त्यानंतर प्रत्येकाशी तो स्वतंत्रपणे बोलतो. या खाजगी बैठकीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पक्षास कळवली जात नाही. मध्यस्थी निष्फळ ठरल्यास मध्यस्थाने न्यायालयास केवळ ‘तडजोड झाली नाही’ एवढेच कळवावे, असे मोती राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. चर्चेत दाखवलेली नरमाई पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, ही खात्री असल्यानेच माणूस मोकळेपणाने बोलतो.

उदाहरणादाखल एक परिस्थिती कल्पावी. पती तालुक्याच्या गावी नोकरीस आहे, पत्नी अंगणवाडीत काम करते, मुलगा चौथीत व मुलगी दोन वर्षांची आहे. दोघे दीड वर्षापासून वेगळे राहतात आणि पुन्हा एकत्र येण्याची दोघांचीही इच्छा नाही. पती म्हणतो, मुलगा मला हवा. पत्नी म्हणते, पाच लाख रुपये एकरकमी मिळाल्याशिवाय सही करणार नाही. न्यायालयापुढे या दोन मागण्या आल्या तर त्या मान्य होतील किंवा फेटाळल्या जातील. मागणीच्या पाठीमागची भीती मात्र अर्जात लिहिलेली नसते. स्वतंत्र बैठकीत ती बाहेर येते. मुलगा एकदा आजोळी राहिला की आपल्या घराला, म्हाताऱ्या आजीला विसरेल, ही पतीची खरी चिंता असते. दरमहा पैसे पाठवण्याचे वचन पतीने पूर्वी तीन महिन्यांत मोडलेले असते, म्हणून पत्नीचा एकरकमी रकमेचा आग्रह असतो.

चिंता समजली की तोडगा शोधणे सुकर होते. शाळेच्या दिवसांत मुलाने आईकडे राहावे, महिन्यातील दोन रविवार, दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीचा निम्मा काळ वडिलांकडे घालवावा. ठरावीक तारखेस रक्कम परस्पर बँक खात्यात जमा व्हावी. थोडी रक्कम आताच मुलीच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी. अशा तडजोडीत कोणाचाही पूर्ण विजय नसतो. पण ती दोघांनी स्वतः ठरवलेली असते, म्हणून ती पाळली जाण्याचा संभव अधिक असतो.

तडजोडपत्रात काय असावे

तोंडी ठरलेले फार काळ टिकत नाही. तडजोडपत्र दोघांना समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे व सही करण्यापूर्वी दोघांस वाचून दाखवावे. त्यात पुढील बाबींचा स्पष्ट उल्लेख असणे आवश्यक आहे : पोटगीची रक्कम, ती देण्याची तारीख व पद्धत आणि ती कालांतराने वाढवण्याची रीत, मुले कोणाजवळ राहतील, दुसऱ्या पालकास केव्हा व कोठे भेटतील, शिक्षण व औषधोपचाराचा खर्च, स्त्रीधनाची यादी व ते परत करण्याचा दिवस, राहते घर, शेती, कर्जे यांची व्यवस्था, चालू असलेले सर्व खटले व त्यांचे पुढे काय करावयाचे, आणि एखादी अट मोडल्यास काय होईल.

रकमेविषयी बोलण्यापूर्वी दोघांनी आपले उत्पन्न व मालमत्ता उघड करणे न्याय्य ठरते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणात मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र देणे दोन्ही पक्षांस बंधनकारक केले. पतीचे उत्पन्न पत्नीस ठाऊकच नसेल, तर तिने दिलेली संमती ही माहितीवाचून दिलेली संमती होय.

मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची संमती हाही शेवटचा शब्द नव्हे. मुलाचे हित सर्वश्रेष्ठ, हे तत्त्व हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये नमूद आहे. परिस्थिती बदलल्यास न्यायालय ताब्याची व्यवस्था बदलू शकते, आणि आईने ‘मला मुलांसाठी काही नको’ असे लिहून दिले तरी मुलांचा पोटगीचा हक्क त्यामुळे संपत नाही.

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात व अर्जानंतर सहा महिन्यांचा कालावधी जावा लागतो. हा कालावधी योग्य प्रकरणी माफ करता येतो, असा निर्णय अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये झाला. त्यासाठी पोटगी, मुलांचा ताबा इत्यादी प्रश्न दोघांनी खरोखरच मिटवले आहेत काय, हे न्यायालय पाहते. तसेच हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क दोघांनाही असतो, हे १९९१ मध्येच सुरेष्टा देवी प्रकरणात निश्चित झाले आहे.

जेथे सावधगिरी हवी

दोघे समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलू शकतात, हे मध्यस्थीचे गृहीतकृत्य आहे. जेथे मारहाण आहे, धमक्या आहेत, जेथे पतीच्या नजरेनेच पत्नी गप्प होते, तेथे हे गृहीतकृत्य कोसळते. अशा वेळी आधी तिची व मुलांची सुरक्षितता, मग बाकीचे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकारी, निवासाचा हक्क व न्यायदंडाधिकाऱ्याचा संरक्षण आदेश यांची सोय आहे. या अधिनियमाखालील नियमांनुसार समुपदेशनाच्या वेळी केलेल्या हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला मुभा नाही. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हे आपल्या बैठकांतून सर्रास ऐकू येणारे वाक्य मार खाल्लेल्या स्त्रीस ऐकवणे या नियमाच्या भावनेशी विसंगत आहे.

फौजदारी गुन्हा हा गावाने मिटवण्याचा विषय नव्हे. विवाहितेच्या छळाबद्दलचे पूर्वीचे कलम ४९८-अ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आले आहे. दांपत्यात खरा समझोता झाला असल्यास अशी फिर्याद रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास असल्याचे बी. एस. जोशी प्रकरणात २००३ मध्ये सांगितले गेले. गावात लिहिलेल्या कागदाने ती संपत नाही. बालविवाह, बालकावरील लैंगिक अत्याचार यांसारख्या बाबी तर तडजोडीच्या पूर्णपणे बाहेरच्या होत.

पंचांची मर्यादा व त्यांचे मोल

महाराष्ट्रात काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द जुने आहेत. काही समाजांत रूढीने घटस्फोट होत असे, आणि १९५५ च्या अधिनियमाने सिद्ध झालेल्या रूढीस संरक्षणही दिले आहे. मात्र ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. केवळ मुद्रांक कागदावर दोघांच्या सह्या घेऊन व तो नोटरीपुढे करून विवाह विसर्जित होत नाही. अशा कागदावर विसंबून कोणी दुसरा विवाह केला, तर पहिला विवाह कायम असल्याने तो निरर्थक ठरू शकतो. दुसऱ्या पत्नीचे व तिच्या मुलांचे हालही त्यातून सुरू होतात. पंचांनी अशा कागदास साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

जात पंचायतीने दंड आकारणे किंवा निर्णय न मानणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकणे, हा तर गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

याचा अर्थ गावाने हात झटकावेत असा नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर सामोपचाराची सवय रुजवण्याचा प्रयत्न केला. २०२३ च्या अधिनियमातही गावातील वा परिसरातील शांततेस बाधा आणणाऱ्या वादांसाठी, दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने, सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मांडली आहे. मात्र अशा मध्यस्थीतील तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येत नाही, असेही तोच अधिनियम सांगतो. पती-पत्नींमधील रागाने भावकीत उसळलेले भांडण शमवणे गावास शक्य आहे. घटस्फोट, पोटगी व मुलांचा ताबा यांना कायद्याचे बळ मिळवून देण्यासाठी प्रकरण न्यायालयापर्यंत किंवा विधी सेवा यंत्रणेपर्यंत पोचवलेच पाहिजे.

कोणी काय करावे

सरपंच व पंचायत सदस्यांनी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे म्हणणे प्रथम एकटीचे, शक्यतो एखाद्या महिला सदस्याच्या उपस्थितीत ऐकून घ्यावे. भरल्या बैठकीत ‘नांदायला जाणार की नाही’ असा प्रश्न विचारणे टाळावे. त्या प्रश्नास चारचौघांत दिलेला होकार खरा होकार नसतो. स्त्रियांना व बालकांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० व महिलांसाठीचा १८१ हे दूरध्वनी क्रमांकही तेथे लिहावेत. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यात अनेक ठिकाणी पोचला. तेथील समाजकार्यकर्त्यांचे साहाय्यही घेता येते.

शिक्षकांची भूमिका वेगळी, पण मोलाची आहे. घरातील ताण वर्गातल्या मुलात सर्वांआधी दिसतो. दोन्हीकडची माणसे शाळेत येऊन दाखला मागतात, मुलास परस्पर घेऊन जाऊ पाहतात. अशा वेळी शिक्षकांनी कोणाची बाजू न घेता न्यायालयाचा आदेश किंवा दोघांची लेखी संमती पाहावी, आणि मुलास ‘तुला आई हवी की बाबा’ हा प्रश्न कधीही विचारू नये.

अधिकाऱ्यांनी आपल्याकडे आलेला अर्ज ‘घरगुती बाब’ असा शेरा मारून निकाली काढू नये. तो योग्य ठिकाणी, म्हणजे संरक्षण अधिकारी, विधी सेवा समिती किंवा पोलीस ठाणे यांकडे पाठवून अर्जदारास तसे कळवावे.

पती-पत्नीचे नाते संपुष्टात आले तरी मुलांच्या आई-वडिलांचे नाते संपत नाही. मुलांच्या परीक्षा, आजारपणे, लग्नकार्ये यांच्या निमित्ताने पुढची अनेक वर्षे त्या दोघांना एकमेकांशी बोलावे लागणारच असते. ते बोलणे शक्य राहील अशा रीतीने वेगळे होणे, हे मध्यस्थीने साधते. त्यासाठी दोघांची संमती खरी, माहितीपूर्वक व निर्भय असावी लागते. ती तशी आहे की नाही, हे पाहण्याची पहिली संधी न्यायालयाआधी गावाला मिळत असते, आणि ती गावाने वाया जाऊ देऊ नये.